चारशे बारा दाखले

प्रिय ताई,

तुझ्या लेकीच्या कारखान्याच्या गेटवर बसून हे लिहितोय. सकाळी तिचा फोन आला. "मामा, तुझीच रिअ‍ॅक्शन आज पहिल्यांदा मोठ्या टाकीत करतोय आम्ही!" पोरगी खुशीत होती. मी 'थांब' म्हणेपर्यंत तिने फोन ठेवलासुद्धा.

माझं सगळं नाव त्या रिअ‍ॅक्शनवरच्या एका पेपरावर उभं आहे. चारशे बारा संशोधकांनी त्याचा दाखला दिलाय, आणि तू हा आकडा येईल त्या पाहुण्याला ऐकवतेस. तुला सांगितलं नाही ते हे, की तिसऱ्या खेपेला आमचा मुठीएवढा फ्लास्क एकदम तापला आणि फुटला. प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईंचा डोळा गेला. "सर, हे पेपरात लिहा हं," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं, आणि 'पद्धत सुरक्षित आहे' असं लिहिलं. खरं लिहिलं असतं, तर पेपर छापलाच गेला नसता.

पोरीचा फोन पुन्हा लागेना, म्हणून धावत इथे आलो. मॅनेजर गेटवर आले. मी म्हटलं, "थांबवा, टाकी फुटेल."

ते हसले. "सर, सुरक्षित आहे असं तुम्हीच लिहिलंय. चारशे लोक चुकतील का?"

मग मी डोळ्याचं सांगून टाकलं. त्यांचं हसू मावळलं. ते आत पळाले.

त्याला वीस मिनिटं झाली. आत्ता भोंगा वाजतोय. पहारेकरी म्हणतो, जेवणाची सुट्टी झाली असेल. पण तो घाईघाईने सगळी फाटकं उघडतोय.

हे पत्र तुझ्या हातात द्यायची वेळ माझ्यावर न येवो.

तुझा धाकटा भाऊ