आखाजीच्या सुट्टीपुढचा निळा ठिपका

मंगळवार, संध्याकाळ. डिंडोली.

तो निळा ठिपका डोक्यातून जात नाहीये. साडीच्या कारखान्यातल्या बायकांना सुट्टी मागता यावी म्हणून आम्ही ॲप करतोय. तिथेच घड्या घालणाऱ्या माझ्या मावशीला आज ते वापरायला दिलं. अक्षय्य तृतीयेचा, लेकींनी माहेरी जायच्या सणाचा प्रश्न होता: ‘आखाजीला सुट्टी हवी का?’ खाली ‘हवी’ आणि ‘नको’. ‘नको’पुढे निळा ठिपका आधीपासूनच. माझ्या टीममधली हेतल म्हणते, बहुतेकजणी कामावर येतातच, तेवढाच एक क्लिक वाचेल. मावशीने वाचलं आणि सरळ ‘पाठवा’ दाबलं.

“मावशी, माहेरी जायचं नाही?”

“जायचं होतं गं. पण शेठने आधीच ‘नको’ केलंय. आपण कशाला हात लावायचा?”

शेठने कुठे, आम्हीच केलं होतं. तिला तो ठिपका म्हणजे हुकूम वाटला.

तिथल्या तिथे काढून टाकला. आता दोन्ही गोल रिकामे, आणि एक निवडल्याशिवाय ‘पाठवा’ दाबलंच जात नाही. उद्या हेतल कटकट करेल. करू दे. माझं बरोबर आहे.

ॲप पुन्हा तिला दिलं. रिकामे गोल बघून मावशी थांबली. चष्मा पुसला.

“म्हणजे हे मला विचारतायत होय?”

मग ‘हवी’ दाबलं.