आतल्या गाठीची

लोणार, ता. ७ जानेवारी २०२४

आदरणीय माणिकदादास,
बेबीचा सविनय जयभीम. वि. वि. फोनवर तुले ऐकू येत नाही म्हणून कागद घेतला. धामणगावात थंडी असंन, कानाले मफलर बांधत जा.

पत्रास कारण आपली सून महामाया. लग्नाले आठ महिने झाले, पण पोरगी बोलतच नाही. बाया बसायले आल्या की चहा ठेवते अन् आत निघून जाते. पोरगा संघपाल दिवसभर मेहकरले नोकरीवर, घरात आम्ही दोघीच. मी बोलत राहते, ती नुसती पाहते. मधूनच घड्याळाकडे नजर टाकून एका वहीत काहीतरी लिहिते. मी जवळ गेली की वही बंद. काऊन? घर मोडायचा तर डाव नसंन? शेजारच्या चांगुणाबाईले मी सांगून टाकलं, पोरगी आतल्या गाठीची आहे.

तुह्या मायेची भुकेली,
बेबी

धामणगाव बढे, ता. १२ जानेवारी

चि. बेबीस आशीर्वाद व जयभीम.
पत्र वाचून हसू आलं. समोरच्याचं वाक्यही तूच पुरं करतेस, त्या पोरीनं तोंड उघडावं कधी? पण चांगुणाबाईला सांगितलंस ते वाईट केलंस. तुझी वहिनी गेली तेव्हा मी चारचौघांत रडलो नाही. लोक म्हणाले, दगड आहे. तूही म्हणालीस, ते माझ्या कानावर आलं होतं. तिच्या हातच्या लोणच्याची बरणी मी वर्षभर उघडली नाही, संपेल म्हणून. हे कोणाला सांगणार?

तिला सरळ विचार. आणि विचारल्यावर जरा गप्प बस.

तुझं बरं चिंतणारा,
माणिकदादा

लोणार, ता. १९ जानेवारी

दादास सविनय जयभीम.
विचारलं नाही, वहीच काढली. ती दळण आणायले गेली होती. आत माहंच नाव! आई, मंगळवार, मेथी निवडताना, दीड मिनिट. आई, शुक्रवार, बोलता बोलता, दोन मिनिटं. अशी अकरा पानं. माह्यावर पाळत ठेवून राह्यली! ती आली तशी वही पुढे आपटली, चांगुणाबाईदेखत वाट्टेल ते बोलली. तिच्या डोळ्यांत पाणी, पण तोंडातून शब्द नाही. मनात खोट नसती तर बोलली नसती का? उद्या तिच्या बापाले बोलावते.

रागावू नको,
बेबी

लोणार, ता. २८ जानेवारी

आदरणीय दादास सविनय जयभीम.
बापाले बोलावलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भजी तळत होती, अन् पुढचं मले काही आठवत नाही. भानावर आली तं महामायेनं मागून धरलेलं. मी तापल्या कढईवर झुकत चालली होती म्हणे. मले ओढताना तिचा हात भाजला.

संघपालनं आम्हाले बुलढाण्याले नेलं. डॉक्टरनं विचारलं, असं किती वेळा होते? मी म्हटलं, कधीच नाही. महामायेनं वही पुढे केली. डॉक्टर म्हणाले, हा फिटचाच प्रकार. माणूस मधेच थांबते, त्याले स्वतःले कळत नाही. गोळ्या सुरू झाल्या.

परतताना एस.टी.त मी तिले विचारलं, सांगितलं काऊन नाही. अन् तू म्हटलं तसं मी गप्प बसली. चिखली आली तरी ती बोलली नाही. मग म्हणाली, आधी खात्री करायची होती, आई घाबरतील. यांनाही सांगणार होती, पण शब्द जुळवण्यातच दिवस गेले. चूक माझीही आहे.

दादा, मी खूप बोलते म्हणून स्वतःले मोकळ्या मनाची समजत होती. आठ महिन्यांत मीच तिले एकही गोष्ट विचारली नव्हती. वहिनीच्या वेळी तुले दगड म्हटलं, त्याची माफी दे.

काल चांगुणाबाई आली, वहीचं पुढे काय झालं ते ऐकायले. मी सांगणार, तेवढ्यात महामाया हातावरची पट्टी सावरत आतून आली अन् आमच्यात येऊन बसली. मी सरकून तिले जागा दिली.

अशीच माया राहू दे,
तुही बेबी