आईच्या पावलाचं माप

मात्सुए, ४ नोव्हेंबर १९७८

चि. यासुहिको यास,
अ. आ. वि. वि.

तुझी पायवाट पाहिली. आळीतले सगळे वाहवा करून गेले. मला मात्र त्यातलाच एक दगड तुझ्या डोक्यात घालावासा वाटतो आहे, म्हणून आशीर्वाद आधीच लिहून टाकले.

आई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती, तेवढ्यात तू कोबेहून ट्रकभर दगड घेऊन आलास. बाबांनी बसवलेले नदीतले चपटे दगड उपटलेस, आपले बसवलेस आणि ती घरी यायच्या आदल्या दिवशी निघूनही गेलास. तिला चकित करायचं होतं म्हणे. झाली चकित. ओसरीवरून पहिल्या दगडावर उतरली, दुसऱ्यावर पाय पोचेना. मधल्या जिवापाड जपलेल्या शेवाळावर ती मेली तरी पाय द्यायची नाही. तोल गेला. मी मागे होते म्हणून वाचली.

चाळीस वर्षं रोज सकाळी बागेच्या टोकाला इनारीच्या छोट्या देवळात पाणी ठेवणारी बाई आठवडाभर वाटी घेऊन ओसरीवर बसते आहे.

लोभ आहेच, तूर्त राग जास्त आहे.
तोमिए

कोबे, ९ नोव्हेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि जेवण गेलं नाही. तीस वर्षं मी लोकांच्या बागांतून दगड बसवतो आहे, आजवर कुणी नाव ठेवलं नाही. ते काम घरच्यांसाठी राखून ठेवलं होतं वाटतं.

एकेक दगड चौघांनी उचलला. माझी दोन नखं गेली. आणि आईचं पाऊल केवढं ते तू मला शिकवू नकोस. पहिलीत असताना बर्फातून शाळेत जायचो तो तिच्या ठशांत पाय ठेवून. ते अंतर मला झोपेतही सांगता येईल. त्याच मापाने बसवले आहेत.

बाबांचे दगड कुंपणाशी रचून ठेवलेत. माझ्या कामाला तिथल्या कुणाचा हात लागता कामा नये.

रागावला असला तरी तुझाच,
यासुहिको

मात्सुए, १३ नोव्हेंबर

चि. यासुहिको,
अ. आ.

पहिलीत असताना! तेव्हा आई तिशीची होती, आज सत्तरीची आहे.

गिऱ्हाइकाला आधी ओल्या वाळूवरून चालवायचं, ठसा उमटेल तिथेच दगड, हे तुझ्या धंद्याचं पहिलं पाऊल आम्हाला किती ऐटीत सांगायचास. परक्यांच्या बायकांना चालवलंस. आईला चालवायला चार दिवस थांबवेना? नऊ वर्षांत तू तिला चालताना पाहिलेलंच नाहीस, हे खरं दुखणं आहे.

गुरुवारी गवंडी येतो आहे. तुझे दगड काढून सपाट सिमेंट करणार. तुला काय ओरडायचं ते कोबेत ओरड.

तोमिए

मात्सुए, १७ नोव्हेंबर

चि. यासुहिको यास,
आईचे अ. आ.

काल गवंडी आला आणि ओसरीवरूनच परत गेला. पहिल्या दगडावर मी काळ्या दोरीने चौफुली बांधलेला गोटा ठेवला होता. असा गोटा दिसला की पुढे जायचं नाही, हे बाबांनी तुम्हाला चालता येऊ लागल्याबरोबर शिकवलं होतं. गवंडी जाणता निघाला. टोपी काढून वाकला आणि गेला. तोमिए तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मीही बोलत नाही.

तुम्ही दोघं माझ्या पावलांवरून भांडलात, पण मला कुणी विचारलं नाही. तिला सिमेंट घालायचं आहे, तुला बर्फातली बाई हवी आहे. ती मलाही फार आवडायची, पण ती आता नाही. जी आहे तिचं पाऊल तुझ्या वितीहून थोडंच मोठं आहे, आणि ते तू येऊन मोजायचं आहेस. गोटा त्याआधी मी हलवणार नाही.

ओसरीपुढे वाळू पसरून घेतली आहे. ती वाळू देत नाही मी. देवाच्या वाटीतलं पाणी रोज सकाळी तिच्यावरच ओतते.

वाट पाहणारी,
आई