तोंडानं धरलेला ब्रेक

आप्पा,

सायकलच्या ब्रेकमध्येही आता तेल असतं. तुमच्या वेळी सायकलचा ब्रेक म्हणजे दोन सळया आणि चार रबरं, पावसात ती रबरं रिमवरून घसरायची आणि माणूस शेवटी चप्पल घासून थांबायचा. तुम्ही तर त्याला ब्रेक म्हणायलाच तयार नव्हता. माझ्या सायकलच्या चाकाला मध्यभागी मोठ्या बशीएवढी पोलादी चकती आहे. हँडलवरचा खटका एका बोटाने दाबला, की बारीक नळीतून तेल रेटलं जातं आणि खाली दोन पॅड त्या चकतीला दोन्हीकडून धरतात. म्हणजे तुमच्या गॅरेजात जीपच्या आणि टेंपोच्या पोटात जे होतं, तेच सगळं आता माझ्या दोन मुठींत आहे. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, आणि या वयात तुमची मुलगी ब्रेकची हवा काढत अंगणात बसली होती, एवढं ऐकून तुम्ही हसला असता. पुढचं ऐकून हसला नसता.

माझी शाळा वर डोंगरात आहे. खालापुराहून पायथ्यापर्यंत डांबर, आणि तिथून वाडीपर्यंत दगड, लाल माती आणि दोन ओढे. स्कूटी तिथे चढत नाही आणि चढलीच तर धड उतरत नाही. आठ वर्षं मी ती वाट पायी केली. मग गुडघ्याने असहकार पुकारला. डॉक्टर म्हणाले, चढणं चालेल, उतरणं बंद करा. आता रोज चढणाऱ्या बाईने उतरायचंच नाही, तर वरच बिऱ्हाड करायचं का? भाऊ म्हणाला, बदली माग. तो चुकीचं बोलत नव्हता. पण चौदा पोरांच्या शाळेवर मी गेल्यावर दुसरं कोणी टिकेल असं मला वाटत नाही, आणि शाळा बंद झाली की त्या चौदांतली निम्मी खालच्या शाळेपर्यंत पोचायची नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून मी कर्जतजवळच्या एका फार्महाऊसवर धूळ खात पडलेली ही डोंगरी सायकल घेतली. चढताना ढकलते, ओढ्यात खांद्यावर घेते, उतरताना बसते. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी पहिल्या आठवड्यात मला बघून म्हणाल्या, "बाई, चालत यायच्या तवा घामानं भिजून यायच्या, आता चिखलानं भरून येताय. सुखानं कवा येणार?" मी म्हटलं, येईन की, ब्रेक जरा अंगवळणी पडू दे.

पावसाळा सरता सरता मागचा खटका फुसका लागायला लागला. दाबला की आधी नुसताच आत जायचा आणि मग कुठे धरायचा. मला कोणी सांगायची गरज नव्हती, तेलात हवा शिरली होती. दुसरं कोणी असतं तर दुकान शोधलं असतं. मी तुमची मुलगी, मी कशाला शोधतेय? खटक्याच्या वरच्या झाकणावर बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, की यात फक्त मिनरल ऑइल घालावं. मी ते वाचलं. मास्तरीण आहे, वाचता येतं मला. पण वाचताना कानात तुम्ही बोलत होता, "जीप असूदे नायतर दहाटायरी असूदे, ब्रेकचं तेल येकच." आणि छापलेल्या अक्षरांपेक्षा मला तुमचं खरं वाटलं. हायवेच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून मी गाड्यांचं ब्रेक ऑइल आणलं, तेही सीलबंद, कारण उघडा डबा हवेतलं पाणी पितो हेही तुम्हीच सांगितलेलं. नियम सगळे पाळले. तेल तेवढं चुकीचं घातलं.

दोन आठवडे ब्रेक असा लागत होता की मी मनातल्या मनात तुमची पाठ थोपटत होते. मग खटका सुटायला उशीर करू लागला, चाक घासू लागलं. मी म्हटलं, चिखल असेल. आणि एका दुपारी शाळा सुटल्यावर दुसऱ्या ओढ्याच्या वरच्या उतारावर मी खटका दाबला आणि तो सरळ मुठीला येऊन टेकला. मागे काहीच नाही. पुढचा ब्रेक घाबरून जोरात दाबला आणि मी कारवीच्या झुडपांत जाऊन पडले. कोपर सोलवटलं, मनगट सुजलं. खाली बघितलं तर मागच्या चाकाच्या चकतीवर तेल गळत होतं. या ब्रेकमधली रबरी सीलं वेगळ्या जातीची असतात, गाडीच्या तेलाने ती फुगतात आणि मग जागा सोडतात, हे मला नंतर खोपोलीच्या सायकलवाल्याने सांगितलं. तो चिडलाच. म्हणाला, "मॅडम, कोनी सांगितलं तुमाला हे तेल घालायला?" मी म्हटलं, वडिलांनी. तो म्हणाला, "त्यांना म्हनावं, सायकल म्हंजी टेंपो नाय." मी म्हटलं, सांगते. म्हणून हे सांगते आहे.

त्याच्याकडे सीलं नव्हती, पनवेललाही मिळतील असं नाही म्हणाला. भाऊ आला, कोपर बघितलं आणि बदलीचा अर्ज स्वतःच लिहून ठेवून गेला, मी फक्त सही करायची. तो कागद मी फ्रिजवर ठेवला आणि सीलं कुरियरने मागवली. ती येईपर्यंत पुन्हा पायी गेले, उतरताना गुडघ्याला पट्टा बांधून आणि काठी टेकत. मावशींनी काठीकडे बघितलं आणि माझी पिशवी स्वतःकडे घेतली, ते मला जास्त लागलं. मनात एकच होतं. चूक मी केली, ती मीच काढणार, आणि त्याच उतारावरून त्याच सायकलवरून उतरणार. नाही जमलं तर अर्जावर सही.

परवाच्या रविवारी सकाळी अंगणात पोतं पसरलं. सगळं खोललं, स्पिरिटने दोनदा धुतलं, नवी सीलं बसवली. तेल प्यालेले पॅड टाकून नवे घातले. चकती पुसली आणि मग तिला बोट लागू दिलं नाही. या वेळी झाकणावरचं वाचलं आणि ऐकलंसुद्धा. तेल भरून झालं आणि आता हवा काढायची, तर खटका दाबायला माणूस हवा. आई कांदा चिरत होती. आता तिला पंच्याहत्तरावं चालू आहे. मी विचारलं, "दाबशील का गं?" ती विळी बाजूला सारून उठली, हात पुसत म्हणाली, "मला काय इचारती? तू बसायचं सोडलंस त्यानंतर टेंपोत पेडल दाबायला मीच बसायची ना."

आणि आम्ही सुरू केलं. मी खाली नळीच्या तोंडाशी पाना लावून, ती वर मुठीशी. दाब. धर. ती म्हणते, "धरलंय." मी पाना पाव फेरा सोडते, तेलाबरोबर बुडबुडा बाहेर येतो, मी पाना आवळते, मग म्हणते, सोड. पुन्हा दाब. तिच्या बोटांना कंप आहे, पण "धरलंय" म्हणताना तो नसतो. मधे मला सायकल जरा तिरपी करायची होती, चाकाखाली काही तरी हवं होतं. स्वयंपाकघरात माठाखाली जो लाकडी ठोकळा असतो, ज्याला वरून टायरचा तुकडा ठोकलेला आहे, तो मी उचलून आणला. आईने बघितलं आणि म्हणाली, "तुझाच हाय तो."

मला कळेना. मग ती बोलली, खटका धरून. तुम्ही तो ठोकळा त्या दिवसानंतर केला होता. कडावच्या दुधाच्या टेंपोचा दिवस. मी अकरा वर्षांची, टेंपोच्या सीटच्या कडेवर बसलेली, पाय ब्रेकच्या पेडलवर, तुम्ही खाली आडवे, नुसते पाय दिसताहेत. तुम्ही म्हणता, धर. मी म्हणते, धरलंय. काम संपलं आणि तुम्ही स्वतः वर बसून पेडल दाबलं, ते खाली बसलं, म्हणजे पाना सुटला तेव्हा ते कोणी धरलेलं नव्हतं आणि हवा आत गेली होती. तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "ब्रेकचं काम हाय हे. तोंडानं धरलंय म्हनून गाडी थांबत नाय. उतर खाली." गॅरेजात दोन ड्रायव्हर उभे होते, त्यांच्यासमोर. मी उतरले आणि परत कधी चढले नाही. तुम्ही दोनतीनदा हाक मारलीत, मी अभ्यासाचं कारण सांगितलं. मला वाटत राहिलं, तुमचा माझ्यावरचा भरवसा उडाला. डी.एड.ला गेले तेव्हाही वाटत होतं, नोकरीची ऑर्डर तुमच्या हातात दिली तेव्हाही. तुम्ही ती ऑर्डर दोनदा वाचलीत आणि काही बोलला नाहीत, त्याचाही मी तोच अर्थ लावला.

आई म्हणाली, "रात्री जेवताना म्हनले, पोर खोटं नाय बोलली गं. तिचा पाय पोचत नाय पेडलला, माझ्या ध्यानातच नाय आलं. दुसऱ्या दिवशी हा ठोकळा केला, पेडलला बांधायला. तू काय आली नायस. मग ठेवला माठाखाली." एवढं सांगून तिने विचारलं, "सोडू का आता?" मी म्हटलं, नको, थांब जरा.

सोमवारी शाळा सुटल्यावर मावशी वाटेच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. मी आधी सपाटीवर दहा वेळा दोन्ही खटके दाबून बघितले, तुम्ही बघायचात तसे, एकदा हळू आणि एकदा जोरात. मग बसले. पहिलं वळण, कारवी, जिथे पडले होते तो दगड, ओढा. ब्रेक जिथे दाबला तिथे धरत होता. पायथ्याला थांबले तेव्हा गुडघा दुखत नव्हता. घरी येऊन फ्रिजवरचा अर्ज फाडला. ठोकळा पुन्हा माठाखाली ठेवला आहे, पुढच्या वेळी लागेल.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहिते, जी परवा आईलाही सांगता आली नाही. त्या दिवशी माझ्या मांडीवर शाळेच्या लायब्ररीतलं गोष्टीचं पुस्तक होतं. गोष्ट शेवटाला आली होती. तुम्ही धर म्हणालात तेव्हा मी पान उलटत होते, पाय ढिला पडला ते मला कळलं, आणि तरी मी धरलंय म्हटलं. पाय पोचत होता, आप्पा.