पेट्रोल पंपापर्यंतची ट्रायल

ता. १४, गुरुवार, सकाळ

चि. ठमाबाईस तुझ्या आजीचे पोटभर आशीर्वाद.

मी मजेत आहे. गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात, मी त्यांच्या. तू जेवतेस ना वेळेवर? पत्र बघून दचकू नकोस, फोन चांगला आहे. परवा तू फोनवर विचारलंस, "आजी, कंपनी इथला गाशा गुंडाळतेय. मला तिकडे, त्यांच्या देशात चल म्हणतात. जाऊ का?" आणि मी म्हटलं, थांब, दूध उतू चाललंय. दूधबीध काही नव्हतं गं गॅसवर.

पण आधी गंमत ऐक. मी तुझ्या शत्रूंच्या, त्या दुसऱ्या मोटार कंपन्यांच्या गाड्यांतून हिंडून आले! वर्षभरात एकूणएक!

आपले शेजारचे शिंपी मास्तर आहेत ना, त्यांच्याकडे लायसन आहे आणि गाडी नाही. माझ्याकडे दोन्ही नाही, पण तोंड आहे. मास्तरांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला आणि शिरलो एका शोरूममध्ये. म्हटलं, ट्रायल पाहिजे. अगं, काय तो मान! थंडगार हवा, मऊ कोच, चहा, वर बिस्किटं. गिऱ्हाईकच नाही कुठे, मग म्हातारीसुद्धा महाराणी. मास्तर चालवायला, शोरूमचा टायवाला त्यांच्या बाजूला, मी मागे खिडकीशी. मास्तर अशी हळू चालवतात की एक सायकल पुढे गेली आणि वळून हसली.

तू सांगायचीस ते आता डोळ्यांनी दिसतं. गिऱ्हाईकं मूठभर, आणि विकणारे किती. एका घरात सात सुगरणी आणि जेवायला दोन माणसं. त्या रस्त्यावर एका शोरूमचं फर्निचरचं दुकान झालं. दोन कंपन्यांनी लग्न लावून एकाच पाटीखाली संसार मांडलाय. मागच्या वर्षी ज्याने "आजी, अशी गाडी दुसरी नाही" म्हणून मला पटवलं होतं, तो परवा समोरच्या शोरूममध्ये भेटला. टाय बदलला होता, वाक्य तेच. मी म्हटलं, अरे, ती दुसरी नसलेली गाडी कुठे गेली? कसा लाजला!

सगळ्यांची ट्रायल मात्र एकाच ठिकाणी संपते. मोठ्या रस्त्याने पेट्रोल पंपापर्यंत जायचं आणि फिरायचं. पंपाजवळ पाटी आहे, तिच्यावर तुझ्या शहराचं नाव आहे. मास्तर वाचून दाखवतात. पहिल्यांदा मी सहज म्हटलं होतं, मोठ्या रस्त्याने घ्या. मग दर वेळी म्हणायला लागले. गाड्यांचं मला काय कळतंय गं! एक जरा उंच, एक जरा बुटकी.

काल तुझ्या कंपनीच्या शोरूमला गेले. शेवटी ठेवलं होतं. तुझ्या हाताखाली होता तो मिशीवाला एकटाच होता. खुर्च्या उचलून नेल्यात, चहाचं यंत्रही गेलं. म्हणाला, "मी एक तारखेपासून समोर लागतोय आजी. पण ताईंसारखं माणूस नाही तिथे." स्वतः चालवायला बसला. पंप आला तरी वळेना. मी म्हटलं, अरे, साहेब ओरडतील! म्हणाला, "कुठले साहेब, आजी?"

पंप मागे पडला. मी काचेला नाक लावून बसले होते, लहान पोर बसतं तशी. रस्ता नुसता पुढे पुढे जात होता आणि मला वाटलं, असंच गेलं की ठमी.

मग त्यानेच सांगितलं, "ही गाडी उद्या ताईंच्या ऑफिसात पोचवायचीय. चला की बसून, दारात उतरवतो." मी टाळ्याच पिटल्या! घरी येऊन पिशवी भरली. मास्तरांना किल्ली दिली. नवं पातळ काढलं.

आता पिशवी रिकामी करून तुला लिहायला बसलेय. पातळ परत घडी करून ठेवलं.

मी आले असते तर तू दार उघडलं असतंस. मी तुझ्या गालांवरून हात फिरवले असते, आणि तू विचारलं असतंस, आजी, जाऊ का? मग माझ्या तोंडून "नको जाऊस" निघालं असतं. आणि तू ऐकलं असतंस. ऐकतेसच तू माझं, तीच तर पंचाईत. मग तूही इकडे येऊन या रस्त्यावर टाय बदलत बसली असतीस, आज या दारात, उद्या त्या. आणि मी रोज तुला डोळे भरून बघितलं असतं, सुखाने. पण तुझ्या डोळ्याला डोळा देणं मला जमलं नसतं.

तेव्हा कागदावर सांगते: जा.

मिशीवाला दाराशी आलाय. "आजी, चला, तुमची जागा पुसून ठेवलीय," म्हणतोय. मी येत नाही, हे त्याला अजून सांगायचंय. त्या जागेवर हे पत्र ठेवते.

तुझी, आहे तिथेच असलेली,
आजी