तीन ठिपक्यांचा स्टार्टर

४ नोव्हेंबर, मंगळवार
काल संध्याकाळी गाडी सर्व्हिसिंगहून आली. मेकॅनिक शिरीष स्वतः वडाळ्याहून लालबागला घेऊन आला, चावी हातात दिली, पाया पडला, गेला. आज सकाळी स्टार्टर मारला आणि हात चावीवरच राहिला. हा आवाज माझ्या गाडीचा नाही. चौदा वर्षं ऐकतोय. आधी बारीक ‘चिंग’, मग इंजिन. आज नुसतं घर्रर्र. म्हशीने घसा साफ केल्यासारखं.

५ नोव्हें.
गाडीखाली शिरलो, ढेरीसकट. टॉर्च आणि आरसा. रे रोडला लेथवर उभा राहायला लागलो तेव्हापासूनची सवय, माझ्या हाताने बसवलेल्या प्रत्येक वस्तूवर लोखंडी पंच ठोकून तीन ठिपके. तीन वर्षांपूर्वी हा स्टार्टर मीच खोलून बुश बदलले होते. ठिपके मारले होते. आता आहे त्यावर ठिपके नाहीत. वरून काळा रंग, ताजा.
शि.ला फोन केला. “काका, तोच आहे हो. साफ करून ग्रीस भरलं, म्हणून आवाज बदलला.” मग हसला. “कान तपासून घ्या एकदा. माझ्या पप्पांचंही असंच सुरू झालेलं.”
ठिपक्यांचं बोललो नाही. ते माझ्याजवळ राहू देत.

७ नोव्हें.
ही टीव्हीचा आवाज बारीक करते आणि विचारते, “आता ऐकू येता?” येतंय म्हटलं की आणखी बारीक करते.
शि.ने पत्र्याची शेड टाकली तेव्हा पहिली पाच गिऱ्हाइकं मी नेली. आपली जुनी जर्मन गाडी हात लावायला दिली, म्हटलं हिच्यावर शीक. माझी चूक एकच. चावी टाकायची आणि निघायचं. समोर ठाण मांडून बसलो तर पोराला वाटेल विश्वास नाही, म्हणून. बारा वर्षं.
स्टार्टर गेला त्याचं काय, दुसरा मिळेल. पण माझे कान गेले म्हणतो! या कानांवर कारखाना उभा केला मी. बेअरिंग कधी जाणार ते मशीन बंद पडायच्या आठवडाभर आधी सांगायचो.
सोडणार नाही.

१६ नोव्हें., रविवार
शिवाजी पार्क. वॉकनंतर आम्हा जुन्या जर्मन गाड्यावाल्यांचा चहा. सहा जण, सहा गाड्या, मेकॅनिक सगळ्यांचा शि.च. डॉ. साठे निघाले. त्यांची गाडी माझ्यासारखीच, तीच लांब डिकी, तेच मॉडेल. स्टार्टर मारला.
चिंग.
चहा पायावर सांडला. “डॉक्टर, बंद करा. बॉनेट उघडा जरा.” आरसा आत घातला. तीन ठिपके. तिसरा नेहमीसारखा थोडा तिरका.
“शिरीषने खास जर्मनीहून मागवून दिला,” डॉक्टर म्हणाले. “महिनाभर थांबलो त्यासाठी.”
बॉनेट लावलं. त्यांना मंगळवार-शुक्रवार वहिनींना डायलिसिसला न्यायचं असतं. त्यांची गाडी कशाला उभी करू? वस्तू नकोय मला. शि.चं तोंड बघायचंय, सगळ्यांसमोर.
फोटो काढला नाही. डोळ्यांनी पाहिलं, पुरे.

१९ नोव्हें.
ग्रुपवर टाकलं: “रविवारी सकाळी सात. पाठमोरा उभा राहून प्रत्येकाची गाडी स्टार्टरवरून ओळखतो. शेवटी डॉक्टरांच्या गाडीवर एक गंमत. शिरीष, तूही ये.” सगळ्यांचे अंगठे. शि.चा पहिला.
हिला वाचून दाखवलं. “गंमत म्हणान कित्याक लिवलात? तो काय रविवारपर्यंत हात बांधून बसतलो?”
म्हटलं, तुला नाही कळायचं यातलं.

२३ नोव्हें., रविवार
पाठ फिरवून उभा राहिलो. एक, दोन, तीन, चार, पाच. सगळ्या बरोबर. माझी स्वतःचीसुद्धा, म्हैस. मग डॉक्टरांची.
घर्रर्र.
बॉनेटमध्ये वाकलो. काळा रंग. ठिपके नाहीत.
“शुक्रवारी शिरीष घरी येऊन फुकटात चेकिंग करून गेला,” डॉक्टर म्हणाले. “असा मुलगा शोधून मिळणार नाही.”
कोणीतरी विचारलं, “आणि परब, गंमत काय?”
काय दाखवणार? तेवढ्यात शि. पुढे आला. “काकांचे कान म्हणजे कान!” टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. माझ्याकडे बघून हसत होता, आणि आता आम्हा दोघांनाच माहीत होतं.
निघताना डॉक्टरांना म्हटलं, गाडी कधी अडली तर आधी मला फोन. वेळ-काळ बघू नका. लगेच येतो.
घरी ही भाकरी थापत राहिली, जरा जोरात.

२४ नोव्हें.
कारखाना मुलगा बघतो. मला वेळच वेळ. घडीचं स्टूल घेऊन दहाला वडाळ्याला.
“काका! गाडीला काय झालं?”
“काही नाही रे. बसतो.”
शेडच्या तोंडाशी बसलो. पहिलं गिऱ्हाईक आलं. मी गोड आवाजात: “भाऊ, चावी द्यायच्या आधी एकदा स्टार्टर मारा. मोबाइलवर रेकॉर्ड करा. बॉनेटचा फोटो. गाडी परत घेताना पुन्हा ऐका.” भाऊ खूश. माझं नाव विचारून गेला.
आत पाना खाली पडला.

२७ नोव्हें.
चौथा दिवस. आज दोघांनी रेकॉर्डिंग केलं. तिसरा जरा वेळ माझ्याकडे, मग शि.कडे बघत राहिला आणि चावी खिशात टाकून निघून गेला.
शि. हात पुसत आला. “काका, काकी वाट बघत असतील.”
“डबा दिलाय तिने.” (खरंच दिला. तळलेला बांगडा. विचारलंही नाही किती वाजता येणार.)
“असे किती दिवस बसणार तुम्ही?”
“गाडीचं पासिंग आत्ताच करून घेतलंय. पाच वर्षांचं.”

२ डिसेंबर, मंगळवार
आज गेलो तर माझ्या जागेवर खुर्ची. पाठवाली, उशीसकट. पंखाही इकडे वळवलेला. स्टूल घडी करून बाजूला ठेवलं, बसलो, पेपर उघडला.
अकराच्या सुमारास शि. शेडच्या मागे फोनवर. मधे कॉम्प्रेसर चालू. त्याला वाटलं असेल, एवढ्या आवाजात कोण ऐकतंय.
“...तो स्टार्टर आहे ना अजून तुझ्याकडे? ...नाही, विकू नको. थांब जरा. सांगतो.”
मी पान उलटलं.
बाहेर आला. माझ्याकडे बघितलं नाही. “काका, चहा सांगू?”
म्हटलं, सांग. साखर कमी.