मैंदर्गीचा गडबूक

अम्मा, काल तुझी फार आठवण आली, आणि तीही दवाखान्यात. हल्ली गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही, शेजारणीचं नाव ऐन वेळी निसटतं. एकटीनं मनाची समजूत किती घालायची? म्हणून गेले. डॉक्टर म्हणजे तरुण पोरगी. म्हणाली, "काकू, मी थांबा म्हणेपर्यंत प्राण्यांची नावं सांगत राहा." एवढीच परीक्षा. आणि मला एकदम आपलं स्वयंपाकघर दिसलं.

तू दाराशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळते आहेस आणि मी शाळेची ती कविता घोकते आहे. टोपी घालणाऱ्या उंटाची, विणकाम करणाऱ्या म्हशीची. नुसता वेडेपणा, पण माझ्या वयाच्या कुणालाही झोपेतून उठवा, अख्खी म्हणून दाखवील. परवा बागेत एक आजोबा नातवाला तीच शिकवत होते. आपण घरात तेलुगू बोलायचो; मराठी तू या कवितेवरच शिकलीस, तेही तिच्याशी भांडत. "म्हशीला सुई कशी धरता यायची गं? खूर हाय की तिला!" यात अर्थ शोधायचा नसतो, असं गुरुजींनी सांगितलं होतं. तुला ते कधीच पटलं नाही. शेवटच्या कडव्यातला गडबूक नावाचा प्राणी जगात नसतोच, असं मी म्हटलं, तेव्हा तू कात्री खाली ठेवून मला चांगलंच झापलंस. "न्हाय कसा? पुस्तकात छापलाय न्हवं? मैंदर्गीकडं आसंल. तू कुटं सगळी दुनिया बगितलीस?" मैंदर्गीला तूही कधी गेली नव्हतीस. त्या दिवसापासून भाकरीचा एक तुकडा गडबुकासाठी कुंपणाच्या भिंतीवर. कावळा न्यायचा आणि तू खुशीत म्हणायचीस, "खाल्लं बग."

तर काल मी कवितेच्या क्रमानंच गेले, कुठेही न अडखळता. उंट, म्हैस, बेडूक, घुबड, साळिंदर. मग गडबूक. डॉक्टरचं पेन थांबलं. "हा कुठला प्राणी, काकू?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मैंदर्गीकडं असतो." तिनं काहीतरी लिहिलं आणि आवाज मऊ करून विचारलं, "घरी सोबत कोण असतं?" कुणी नाही, म्हटलं. "पुढच्या वेळी कुणाला तरी घेऊन या, त्यांच्याशी बोलायचंय." घरी येईपर्यंत विचार करत होते, कुणाला नेऊ. ती कविता अख्ख्या शहराला ठाऊक आहे गं, पण गडबूक मैंदर्गीत राहतो हे माझ्याशिवाय आता कुणालाच ठाऊक नाही. फार एकटं वाटलं. भीतीही वाटली.

हे पत्र टाकायचं कुठं? साड्यांच्या घडीखाली ठेवून देईन. एक गोष्ट मी त्या पोरीला सांगितली नाही, कारण तिनं विचारली नाही. कविता सगळी आठवते. तुझा आवाज आठवतो, तुझ्या बोटांचा तंबाखूचा वास आठवतो. फोटो आपण कधी काढलाच नाही. तुझा चेहरा आठवायला बसते, अम्मा, आणि तो येत नाही.